दुर्बिणीचा तास

रेणापूरच्या त्या शाळेत खंडेनवमीला दोन सूक्ष्मदर्शकांची पूजा होत असे. वर्षातून तेवढ्या एकाच दिवशी ते कपाटाबाहेर यायचे. शिपाई माणिकप्पा त्यांच्यावरची धूळ झटकून मुख्याध्यापकांच्या टेबलावर मांडायचा. शेजारी पृथ्वीगोल, फळ्यावरचा मोठा कंपास आणि शाळेची पितळी घंटा. मुख्याध्यापक उद्धव सर सगळ्यांना हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे, नारळ फोडायचे. सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावायला सपाट जागा पटकन सापडत नाही, म्हणून सर आपला कुंकवाचा अंगठा नेमका वरच्या भिंगावर टेकवायचे. मग खोबऱ्याचे तुकडे वाटले जायचे, सुटीच्या गप्पा निघायच्या, आणि माणिकप्पा कुंकवासकट दोन्ही सूक्ष्मदर्शक परत कपाटात ठेवून किल्ली सरांच्या हातावर ठेवायचा.

विज्ञानाच्या बाई नागम्मा हुडगे हे कित्येक वर्षं बघत आल्या होत्या. दरवर्षी त्या किल्ली मागायच्या आणि दरवर्षी सर म्हणायचे, "दिवाळीनंतर बघू, मॅडम." दिवाळीनंतर सहल निघायची, सहलीनंतर स्नेहसंमेलन, मग परीक्षा, मग उन्हाळा, आणि फिरून खंडेनवमी. बाईंच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. नववीचे वर्गामागून वर्ग सूक्ष्मदर्शकाची आकृती काढून, तिला बाण मारून, नावं देऊन दहावीत गेले होते. त्यातल्या एकाही पोराचा हात त्या लोखंडाला लागला नव्हता.

यंदा नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, माणिकप्पानं हात पुढे केला, आणि त्याच्या आधी नागम्मांनी सूक्ष्मदर्शक उचलला.

"अक्का, ते कपाटात ठेवायचंय," माणिकप्पा म्हणाला. दोघांच्याही घरात कानडी, त्यामुळे शाळेत तो एकटा त्यांना अक्का म्हणायचा.

"नववीच्या वर्गात ठेवायचंय."

उद्धव सरांनी खोबरं चावायचं थांबवलं. "मॅडम, आत्ता तर पूजा झाली."

"म्हणूनच नेते. नांगराला कुंकू लावून कुणी माळवदावर ठेवून देत नाही, सर. पूजा केली म्हणजे आता चाल बाबा, असंच सांगितलं ना आपण हत्याराला?"

"उद्या एखाद्या पोरानं पाडलं म्हणजे?"

"माझं नाव सांगा. सगळ्या तालुक्यात नागम्मा एकच आहे, शोधायला कुणाला त्रास पडायचा नाही."

आणि त्या चालायला लागल्या. दुसरा सूक्ष्मदर्शक नेण्यासाठी परत आल्या तेव्हा सर तसेच उभे होते, हातात खोबरं आणि किल्ली घेऊन.

नाव सांगायला त्या कधी लाजल्या नव्हत्या, पण ते सुखानं मिळालंही नव्हतं. निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या गावात त्या वाढल्या. आजीचं नाव नातीला ठेवलं गेलं. घरात कानडी, शाळेत मराठी. वर्गात हजेरी घेताना नागम्मा म्हटलं की मागच्या बाकावरून फुस्स असा आवाज यायचा. एकदा त्यांनी मागे वळून सांगितलं, "फुसफुस करणारे बिनविषारी असतात." त्यानंतर आवाज बंद झाला. सूक्ष्मदर्शक त्यांच्या शाळेत नव्हताच. त्याचा तक्ता होता. त्यावरून नागम्मानं इतकी सुबक आकृती काढली की मास्तरांनी ती भिंतीला लावली. पुढे उदगीरला कॉलेजात खराखुरा सूक्ष्मदर्शक दिसला, पण तिथले सर तो स्वतः लावून ठेवायचे आणि मुलींना सांगायचे, "एकेकीनं या, बघा, सरका. हात लावू नका." नागम्मानं वाकून बघितलं तर आत काळ्या काड्या. त्या तिच्याच पापण्या होत्या, हे तिला फार पुढे कळलं. मागच्या मुलीचा धक्का आला आणि ती सरकली. कांद्याच्या पेशी तिनं पुस्तकातून उतरवल्या. बाजूला सरांनी लाल शाईनं लिहिलं, उत्तम.

तो शेरा त्यांना आयुष्यभर खुपला. बघितलं काय, काढलं काय, आणि शाबासकी कशाची.

दसऱ्याच्या सुटीनंतर नववीच्या वर्गात उत्तरेच्या खिडकीपाशी दोन टेबलं लागली. पहिलं काम कुंकू काढायचं निघालं. आदिनाथ नावाचा पहिल्या बाकावरचा, तोंडाचा चालू मुलगा लगेच उठला आणि सदऱ्याचं टोक धरून भिंगाकडे निघाला.

"तिथंच थांब," नागम्मा म्हणाल्या. "कुंकवात बारीक कच असते. ते घासलंस की भिंगावर चरे, आणि ते जन्माचे. ह्या भिंगाला सदरा नाही, ओढणी नाही, माझा पदरसुद्धा नाही."

लातूरहून आणलेला मऊ ब्रश त्यांनी काढला. आधी हलक्या हातानं कुंकू झाडलं, मग भिंगाच्या खास कागदानं पुसलं. जुनं कुंकू काळपट होऊन कडेला बसलं होतं. किती खंडेनवम्या होत्या त्या, कोण जाणे.

दुसरं काम उचलण्याचं. सबंध एक तास त्यांनी मुलांकडून फक्त उचलणं आणि ठेवणं करून घेतलं.

"घरात तान्हं लेकरू आहे का कुणाच्या?"

"हाव मॅडम," तनुजा म्हणाली. "बहिणीचं हाय."

"कसं उचलतेस?"

"एक हात मानेखाली, एक हात बुडाखाली."

"मग इथंही तेच. एक हात ह्या भुजेला, दुसरा पायाखाली, आणि छातीशी धरून चालायचं. पळायचं नाही. टेबलाच्या कडेला ठेवायचं नाही. लेकराला कुणी बाजेच्या कडेला निजवतं का?"

तनुजानं पहिल्यांदा उचलला तेव्हा तिनं नकळत त्याला दोनदा जोजवलं. वर्ग हसला. "मॅडम, त्याला टोपडं बी घाला," आदिनाथ म्हणाला. नागम्मांनी खरंच दुसऱ्या दिवशी धुळीसाठी दोन कापडी खोळी शिवून आणल्या, आणि वर्गात त्यांचं नाव टोपडं असंच पडलं.

मग आरसा आला. खाली बसवलेला तो छोटा गोल आरसा फिरवून खिडकीतला उजेड वर घ्यायचा. नागम्मा एरवी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी त्यांनी टेबलावर हात आपटला. "एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवा. आभाळाचा उजेड घ्यायचा. सूर्य आरशात घ्यायचा नाही. ऊन आरशातून भिंगात गेलं की सरळ डोळ्यात उतरतं. भिंगानं कागद जाळलाय ना लहानपणी? तसा डोळा जळतो. कुणीही सांगो, मी सांगो, तरी घ्यायचा नाही."

"तुम्ही सांगितलं तरी न्हाई?" तनुजानं विचारलं.

"मी सांगितलं तरी नाही."

पुढे कांद्याचा पापुद्रा, पाण्याचा थेंब, त्यावर पातळ काच. काच आडवी टाकायची नाही, एक कड टेकवून हळू निजवायची, म्हणजे हवा अडकत नाही. सर्वांत लहान भिंगापासून सुरुवात. नळी खाली आणायची ती बाजूनं बघत, आणि वरून डोळा लावला की मग फक्त वर, नाहीतर भिंग काचेत घुसतं आणि दोन्ही फुटतं. "खाली बाजूनं, वर डोळ्यानं," हे पोरं पाढ्यासारखं म्हणायला लागली.

आदिनाथनं पहिली आकृती काढली ती एका जाड काळ्या वर्तुळाची.

"हे काय?"

"दिसलं ते, मॅडम. पण पुस्तकात तर तसं न्हाई. विटांवानी पाहिजे ना?"

"हा हवेचा बुडबुडा आहे. काच आपटलीस तू."

"मग खोडू का?"

"खोडायचं कशाला? खाली बुडबुडा असं लिही. ह्या वर्गात दिसलं तेच काढायचं. बुडबुडा दिसला तर बुडबुडा, पापणी दिसली तर पापणी. पुस्तकातून उतरवलेलं दिसलं मला, तर शून्य."

दिवाळीनंतर गालाच्या पेशींचा धडा आला. नागम्मांनी दात कोरायच्या लाकडी काड्या आणल्या. प्रत्येकाला नवी काडी, आणि गालाच्या आतून ती ज्यानं त्यानं आपल्याच हातानं, बोथट टोकानं हलकेच फिरवायची. दुसऱ्याच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही. काडी वापरून झाली की जंतुनाशकाच्या बरणीत. काचेवर निळ्या रंगाचा थेंब. तो शुक्रवार होता. थोडी पोरं राहिली आणि घंटा झाली.

एका शब्दाकडे मात्र नागम्मांनी काणाडोळा केला होता. पोरं सूक्ष्मदर्शकाला दुर्बीण म्हणायची. गावात सगळेच म्हणतात. दुर्बीण दूरचं दाखवते, हे जवळचं दाखवतं, असं त्या सुरुवातीला सांगून बघायच्या. पण सूक्ष्मदर्शक हा शब्द जिभेला जड, आणि दुर्बिणीचा तास म्हटलं की पोरं धावत यायची. त्यांनी म्हणू दिलं.

शनिवारी शाळा सकाळची. प्रार्थना आटोपून नागम्मा वर्गाकडे वळणार, तोच फाटकातून एक म्हातारी तरातरा आली. डोळ्याला काळा चष्मा, नऊवारीचा काष्टा घट्ट, मागे शेजारपाजारच्या तीन-चार बाया. ती तनुजाची आजी, साखराबाई. तनुजा तिच्या मागून अर्धी रडत, "आजी, तसं न्हाई गं," म्हणत ओढली जात होती.

"कोण ती मास्तरीण? नागीण का नागम्मा?"

"मीच. बसा आजी."

"बसाया न्हाई आले. माझ्या नातीचं दुर्बिणीचं केलंस का न्हाई, तेवढं सांग."

"केलं की," नागम्मा म्हणाल्या. त्यांना वाटलं म्हातारीला कौतुक आहे. "तिचं एकटीचं नाही, सगळ्या वर्गाचं केलं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. "सगळ्या पोरींचं?"

"मुलांचंही. थोडे राहिलेत, त्यांचं सोमवारी करते."

एकीनं पदर तोंडात धरला. साखराबाई व्हरांड्याच्या पायरीवर मटकन खाली बसली. तिचा आवाज एकदम उतरला.

"लेकरू हाय गं ते अजून. लगीन व्हायचंय तिचं. कुणाला इचारलंस तू?"

लगीन हा शब्द कानावर पडला आणि नागम्मा थबकल्या. गालाच्या पेशींचा आणि लग्नाचा काय संबंध? मग आठवलं. त्यांच्या लहानपणी बायका विहिरीवर हळू आवाजात बोलायच्या: तिचं टाक्याचं झालं, हिचं दुर्बिणीचं. पुन्हा मूल होऊ नये म्हणून करायचं ते. खेड्यात आजही दुर्बिणीचं म्हटलं की त्याचा अर्थ एकच. पोरगी घरी जाऊन म्हणाली असणार, मॅडमनी आमचं दुर्बिणीचं केलं, आतलं कातडं काढलं, दुखलं न्हाई.

हसू ओठापर्यंत आलं होतं. पण म्हातारीनं नातीला पदराआड ओढून घेतलं होतं, ते बघून हसू परत गेलं.

"आजी, ते नव्हे हो," नागम्मा तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. "ते ऑपरेशन नाही. गालाच्या आतून काडी फिरवली, दात कोरतो तशी. पोरीनं स्वतःच्या हातानं फिरवली. पोटाला कुणी हात लावला नाही."

साखराबाईनं तनुजाचा हात ओढून पुढे धरला. बोटांची टोकं निळी होती. "मग हे? त्या वक्ताला बी माझ्या हातावर शाईनं नंबर घातला होता. मला शिकवू नको. मी जाऊन आलेय."

एवढ्यात उद्धव सर आले. बायकांचा घोळका बघून त्यांचा चेहरा पडला, आणि प्रकार कळल्यावर थोडा उजळलाही. "मॅडम, मी हेच म्हणत होतो. उद्या हे संस्थेपर्यंत जाईल. तुम्ही ह्यांची माफी मागा, माणिकप्पा दोन्ही यंत्रं कपाटात ठेवील, मी कुलूप लावतो, आणि विषय मिटला. पोरांना काय, आकृती येते ना? तेवढीच येते परीक्षेत."

माणिकप्पा निघालाही होता. नागम्मा पायरीवरून उठल्या आणि नववीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अंगानं त्या काही धिप्पाड नव्हत्या, पण दार भरलं.

"शब्दाची माफी मागते," त्या साखराबाईकडे बघून म्हणाल्या. "पोरांना दुर्बीण म्हणू दिलं, तुमच्या जिवाला घोर लागला, ती चूक माझी." मग सरांकडे वळल्या. "तासाची माफी मागणार नाही. आज हे कपाटात गेलं की माझ्या हयातीत परत निघणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. माणिकप्पा, मागे फिर."

"अक्का, सर सांगायलेत."

"सर तुला सांगायलेत. मी सरांना सांगायले."

माणिकप्पा मधल्या मध्ये खांबाला टेकून उभा राहिला. त्याला तेच बरं वाटलं.

"मॅडम, तुम्ही बाजूला व्हा."

"होते. आधी ह्या आजींना बघू दे, त्यांच्या नातीचं काय केलं ते. मग त्यांनी सांगावं, पोरीला तासाला बसवायचं का नाही. तुम्ही सांगू नका आणि मीही सांगत नाही."

साखराबाईनं मान हलवली. "मी न्हाई त्याच्यात डोळा घालायची. दिवाळीच्या आधी मोतीबिंदूचं झालंय माझं. डाक्टर म्हणलाय, जप."

"मग जपूनच बघायचं. तनुजा, घेऊन ये."

म्हातारी वर्गात यायला तयार नव्हती, म्हणून टेबल व्हरांड्यात आलं. तनुजानं डोळे पुसले, आत गेली, आणि एक हात भुजेला, एक पायाखाली, छातीशी धरून सूक्ष्मदर्शक बाहेर आणला. टेबलाच्या मधोमध ठेवला. टोपडं काढलं. व्हरांडा पूर्वेचा, सकाळचं ऊन फरशीवर लांबवर आडवं पडलेलं. तनुजानं ते बघितलं, टेबल थोडं सावलीत ओढून घेतलं आणि आरसा उनाकडे पाठ करून लिंबाच्या झाडावरच्या आभाळाकडे वळवला. कालची काच अजून होती. ती मंचावर चिमट्यांखाली सरकवली. बाजूनं बघत नळी खाली आणली. मग डोळा लावून सावकाश वर. वर्गातली पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघत होती. "खाली बाजूनं, वर डोळ्यानं," कुणीतरी आतून पुटपुटलं.

"बघ, आजी. ह्या माझ्या गालातल्या हायेत. दुसरा डोळा मिटू नको, उघडाच ठेव."

साखराबाईनं काळा चष्मा कपाळावर सारला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि लगेच सरळ झाली. "अंधार हाय नुसता."

"थांब, आजी, जरा..."

"काय थांब?" उद्धव सर पुढे आले. त्यांना हे लवकर उरकायचं होतं. "उजेडच घेतला नाहीस नीट. एवढं लख्ख ऊन पडलंय आणि झाडाकडे काय आरसा करतेस? बघा आजी, आता वाका, दिसेल." बोलता बोलता त्यांनी टेबल उन्हात ओढलं आणि आरशाला बोट लावून तो सरळ सूर्याकडे फिरवला. साखराबाई वाकायला लागली होती.

नागम्मा दारात होत्या. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आत तनुजाचा तळवा आरशावर पडला होता.

"न्हाई सर."

"काय नाही?"

"ऊन घ्यायचं न्हाई."

"अगं, मी सांगतोय ना. काढ हात."

"कुणी बी सांगितलं तरी न्हाई, सर." तिचा हात हलला नाही. "आजीचा डोळा हाय."

सर एकदा त्या निळ्या बोटांकडे, एकदा सूर्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्यांनी आपला हात मागे घेऊन खिशात घातला. साखराबाई अर्धी वाकलेली तशीच थांबली होती. तिनं नातीचा हात बघितला, आरसा बघितला.

"काय झालं असतं गं?"

"डोळा जळला असता."

"ह्यांना ठाव नव्हतं?"

सर खाली बघून म्हणाले, "माझ्या ध्यानात आलं नाही, आजी."

साखराबाई हळूहळू सरळ झाली. पाठ सरळ व्हायला तिला वेळ लागला. मग तिनं बरोबरच्या बायांना सांगितलं, "तुम्ही जावा गं घरला." त्या काही गेल्या नाहीत, उलट जवळ सरकल्या. साखराबाई नागम्मांसमोर येऊन उभी राहिली.

"ए मास्तरणी. माझं बी कर."

"काय?"

"दुर्बिणीचं. माझं बी कर. त्या वक्ती केलं तवा रांगेत निजवलं, नाव इचारलं, कापलं आन् घरला धाडलं. काय काढलं, काय बांधलं, कुणी दावलं न्हवतं. आज दाव."

नागम्मा वळल्या. त्या आत गेल्या, नव्या काड्यांची पुडी घेऊन आल्या आणि ती उघडून साखराबाईपुढे धरली. "घ्या, तुम्हीच काढा. इथं आपलं आपण करायचं असतं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही."

"आजी, आधी चूळ भर," खिडकीतून आदिनाथ म्हणाला. "न्हाईतर मिश्रीच दिसंल."

"तुझ्या बापानं बी माझ्याच हातची मिश्री चोरून लावलीय," साखराबाईनं तिकडे न बघता सांगितलं. खिडकी खदखदली. तिनं नळावर जाऊन खळखळून चूळ भरली. काडी गालात फिरवली. तनुजानं टेबल पुन्हा सावलीत घेतलं. निळा थेंब, पातळ काच, एक कड टेकवून हळूच निजवलेली. उरलेला रंग टिपकागदानं टिपला. काडी बरणीत. आरसा पुन्हा लिंबाच्या आभाळाकडे. ह्या वेळी म्हातारीनं घाई केली नाही. नातीनं सांगितल्यावर वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"काय दिसतं, आजी?" नागम्मांनी विचारलं.

"धुकं हाय." मग थोड्या वेळानं, "लाह्या सांडल्यावानी हाय कायतरी. निळ्या लाह्या. मधी एकेक टिपका." डोळा न काढता तिनं विचारलं, "ही मीच का?"

"तुम्हीच."

"बरी हाय की मी."

बाया हसल्या, तनुजा हसली. साखराबाईनं चष्मा खाली ओढला आणि उद्धव सरांना हाक मारली. "ओ सर. ते कुलपाचं काय म्हणायला होता?"

"नाही, ते... यंत्राची सुरक्षितता म्हणून."

"सुरक्षा मघा दिसली मला. माझ्या नातीच्या हातात हाय ती, कपाटात न्हाई. सोमवारी राह्यलेल्या पोरांचं व्हतंय का न्हाई, मी बघाया येते."

सर थोडा वेळ किल्ली खिशात चाचपत राहिले. शेवटी नागम्मांना म्हणाले, "किल्ली मात्र माझ्याकडेच राहील, मॅडम."

"राहू द्या, सर. कपाट तुमचंच आहे."

सोमवारी राहिलेल्या मुलांचं झालं. साखराबाई खरंच आली, व्हरांड्यात बसली, आणि कुणी पळताना दिसलं की आतल्या पोरांवर ओरडायची, "बुडाखाली हात घाला रं." पुढे नागम्मांनी सूक्ष्मदर्शक हा शब्द वर्गाकडून घोकून घेतला. पोरं तासात तसं म्हणायची आणि बाहेर पडली की पुन्हा दुर्बीण. फक्त घरी सांगताना आता प्रत्येक जण म्हणायचा, "शाळेतली दुर्बीण, बरं का. ती न्हवं."

वर्ष सरलं आणि पुन्हा खंडेनवमी आली. सूक्ष्मदर्शक टेबलावर यायचे ते ह्या वेळी नववीच्या वर्गातून आले. दहावीत गेलेली तनुजा आणि आदिनाथ ते छातीशी धरून घेऊन आले. कपाटात आता गणपतीच्या मखराचे पुठ्ठे होते. उद्धव सरांनी घंटेला कुंकू लावलं, पृथ्वीगोलाला लावलं, आणि सवयीनं अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या भिंगाकडे नेला. तनुजाचा तळवा भिंगावर येऊन बसला. सरांचा अंगठा निघालेला होता, तो थांबला नाही. कुंकू तिच्या हातावर टेकलं.

"भिंगाला न्हाई, सर," ती म्हणाली. "पायाला लावा."

सरांनी मुकाट्यानं पायाला लावलं. तनुजानं हातावरचं कुंकू पुसलं नाही.

माणिकप्पा खोबरं वाटत होता. त्यानं तिचा हात बघितला आणि नागम्मांकडे वळून विचारलं, "अक्का, पूजा हिची बी झाली. हिला बी कपाटात ठेवायचं का?"

"ठेवून बघ," नागम्मा म्हणाल्या.